खुबा आज दुखतो, पुरावा तेव्हाचा लागतो

आंब्याच्या बागांच्या गावात राहणाऱ्या माजी सैनिकाने खुब्यासाठी डिसेबिलिटी पेन्शन मागितली, तर एका प्रश्नाची तयारी त्याने आधीच ठेवावी: ‘घरी आल्यावर झाडावरून पडलात का?’ लखनौपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या मलिहाबादेत दशहरीच्या बागा घराला लागून असतात. निवृत्त माणूस बागेत काम करणारच, हे प्रश्न विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. सातारा-सांगलीकडे हाच प्रश्न उसाच्या ट्रॉलीचा होतो, कोकणात नारळाच्या झाडाचा. प्रश्न रास्तही आहे. त्याचे उत्तर ‘नाही साहेब, शपथेवर सांगतो’ हे नसते. उत्तर म्हणजे नोकरीत असताना कुणीतरी लिहून ठेवलेला, तारखेचा आणि सहीचा कागद.

नवा एमआरआय काढायला दहा हजार खर्च करणारे पुष्कळ भेटतात. एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, जुनी चिठ्ठी शोधायला दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करणारे थोडे. आजचे दुखणे खरे आहे याबद्दल सहसा वाद नसतो. वाद असतो ते कुठे सुरू झाले यावर. म्हणून पुरावा गोळा करण्याची सुरुवात दवाखान्यातून न करता ट्रंकेतून करावी.

मलिहाबादचे उदाहरण मराठी वाचकाला दूरचे वाटेल, पण आर्मी मेडिकल कोअरचे केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस लखनौलाच आहे. त्या कोअरमध्ये नोकरी केलेल्या मराठी माणसाचे कागद तिथेच पडलेले असतात. उलट मराठा लाइट इन्फन्ट्रीत नोकरी केलेला माणूस आज कुठेही राहत असला, तरी त्याची फाइल बेळगावलाच. महार रेजिमेंटची सागरला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, तोफखान्याची नाशिक रोडला, रणगाडा दलाची अहिल्यानगरला. म्हणजे राहण्याचे गाव एक, फाइलचे गाव दुसरे. पेन्शन मंजुरीचे मुख्य कार्यालय प्रयागराजला, हे तिसरे. सेवा क्रमांक, युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन अदायगी आदेश) क्रमांक एका कागदावर लिहून तो डिस्चार्ज बुकात ठेवला, तर या तीन गावांमधली धावपळ बरीच कमी होते.

आता सिद्ध काय करायचे ते पाहू. भरतीच्या वेळी खुबा चांगला होता. नोकरीच्या काळात त्याला इजा झाली, किंवा त्याचा आजार नोकरीत सुरू झाला अथवा बळावला. आणि आज त्यामुळे इतके टक्के अपंगत्व आहे. यातली पहिली कडी बहुतेकांची आपोआप पक्की असते, कारण १६०० मीटरची धाव आणि डॉक्टरी तपासणी यातून गेल्याशिवाय भरतीच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत पक्की केली. सिग्नल कोअरमध्ये १९८५ मध्ये भरती झालेल्या या जवानाला १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे घरी पाठवले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीत उद्भवला असे धरले जाईल. तसे नाही म्हणायचे असेल, तर ते सरकारने सिद्ध करायचे आणि वैद्यकीय मंडळाने कारणे द्यायची, असे न्यायालय म्हणाले.

हा निकाल अनेकजण कवचकुंडलांसारखा मिरवतात. तेवढ्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. २०१९ मध्ये नरसिंह यादव यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वैद्यकीय मंडळाच्या मताला वजन देऊन मागणी फेटाळली. पुढे मे २०२५ मध्ये राजुमोन यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की कारणे न देता लिहिलेल्या मंडळाच्या मतावर कुणाची पेन्शन नाकारता येत नाही. तिन्ही निकाल एकत्र वाचले की एवढे कळते: मंडळाने कारण लिहिले आहे का, आणि त्या कारणाला उत्तर देणारा कागद तुमच्याकडे आहे का, यावर प्रकरण फिरते.

आणखी एक अट नीट समजून घ्या. डिसेबिलिटी पेन्शनच्या २००८ च्या पात्रता नियमांत एरवी पुराव्याचे ओझे अर्जदारावर नाही. पण निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून मागणी केली आणि तोवर मुदत संपून कागद नष्ट झालेले असले, तर ते ओझे अर्जदारावर येते. पेन्शन नसलेल्यांची सेवा-कागदपत्रे तर २५ वर्षांनी नष्टच केली जातात. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्याचा पुरावा असा सरकारी नियमानेच रद्दीत जातो.

खुब्याच्या बाबतीत जुना कागद शोधताना एक अडचण हमखास येते. खुबा बिघडला तरी दुखणे खुब्यावर जाणवेलच असे नाही. ते जांघेत जाणवते, मांडीत उतरते, कधी चक्क गुडघ्यात कळ मारते. त्यामुळे एमआय रूमच्या रजिस्टरात ‘खुबा’ हा शब्दच नसेल. तिथे कंबरदुखी असेल, मांडीचा स्नायू ताणला असेल, गुडघा असेल, आणि उपचार म्हणून वेदनाशामक गोळ्या आणि तीन दिवसांची लाइट ड्युटी. ‘माझ्या खुब्याची नोंद द्या’ असा अर्ज केला तर ‘नोंद नाही’ असे खरे उत्तर येईल आणि माणूस निराश होऊन बसेल. म्हणून अर्जात आजाराचे नाव घालू नका, काळ घाला. अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंतच्या सर्व वैद्यकीय नोंदी, सर्व रुग्णालय भरतीची कागदपत्रे, सर्व वैद्यकीय मंडळांचे अहवाल, असे मागा.

मागायचे कागद त्यांच्या नावानिशी मागावेत, म्हणजे कारकुनाला टोलवता येत नाही. भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. तंदुरुस्तीची खालची कॅटेगरी लागली असेल तर त्या प्रत्येक मंडळाचा एएफएमएसएफ-१५. निवृत्तीच्या किंवा बोर्ड आऊट होण्याच्या, म्हणजे वैद्यकीय कारणाने घरी पाठवले जाण्याच्या, वेळचा एएफएमएसएफ-१६. हा शेवटचा सर्वांत मोलाचा, कारण मंडळाचे मत आणि त्याचे कारण त्यातच असते. जखम असेल तर आयएएफवाय-२००६ हा इजा अहवाल आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचे कामकाज. आणि पार्ट टू ऑर्डर. रजा, बदली, रुग्णालयात भरती, सगळे तिथे छापले जाते. रुग्णालयाने केस शीट सापडत नाही म्हटले, तरी पार्ट टू ऑर्डरमधली भरती-सुटीची तारीख उभी राहते, आणि तारीख मिळाली की रुग्णालयाच्या भरती रजिस्टरात पुन्हा शोधायला सांगता येते. माहिती अधिकाराची फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. रेकॉर्ड ऑफिसला एक अर्ज आणि ज्या सैनिकी रुग्णालयात होतात त्याला वेगळा, असे दोन अर्ज एकाच दिवशी टाकावेत.

‘शेप’ची आठवण इथेच करून देतो. सैन्यातल्या तंदुरुस्तीच्या वर्गवारीत हातपायांसाठी ‘ए’ हे अक्षर आहे. तुमच्या जुन्या कॅटेगरीत ‘ए-१’चे ‘ए-२’ किंवा ‘ए-३’ कधी झाले, ती तारीख शोधा. बीपीईटीचे, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या चाचणीचे, निकालही पाहा. आधीची पाच वर्षे उत्तम आणि मग अचानक ‘सूट’, हा बदल डॉक्टरी कागद नसतानाही बोलतो.

यापुढचा रस्ता खुब्याला नक्की काय झाले यावर अवलंबून आहे.

मोडतोड असेल, म्हणजे मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा सांधा निखळला, तर प्रश्न एवढाच की ते ड्युटीवर झाले का. रोप, अडथळ्यांचे मैदान, गाडी उलटणे, बर्फातली घसरण, सगळे ड्युटीवरचे. घोळ होतो तो सुटीतल्या मोटारसायकलचा. २०११ मध्ये जुझार सिंह यांच्या खटल्यात वार्षिक रजेवर असताना झालेल्या स्कूटर अपघाताला सर्वोच्च न्यायालयाने डिसेबिलिटी पेन्शन नाकारली, कारण अपघाताचा लष्करी सेवेशी संबंध नव्हता. मात्र युनिटपासून रजेच्या गावापर्यंतचा आणि परतीचा प्रवास वेगळ्या नजरेने पाहिला जातो. तेव्हा रजेचे प्रमाणपत्र, रेल्वे वॉरंट, तिकीट, एफआयआर यांची जुळणी करून अपघात वाटेतला की घरी पोहोचल्यावरचा, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. घरी पोहोचून चार दिवसांनी झालेला अपघात वाटेतला दाखवायचा मोह धरू नका. पार्ट टू ऑर्डर तिथे तुमच्याविरुद्ध साक्ष देते.

रिक्रूटांचा एक खास प्रकार असतो. पहिल्या काही महिन्यांत धाव, ड्रिल, पिठ्ठू यांचा मारा एकदम होतो आणि हाडाला सूक्ष्म तडा जातो. खुब्यात तो मांडीच्या हाडाच्या मानेला जातो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ असा शेरा आणि पुढे सहा आठवड्यांनी दुसरा एक्स-रे, असे दोन्ही कागद सापडले तर दोन्ही जोडा. पहिला कागद तुमच्या विरोधातला वाटेल, पण या आजाराची हीच ओळख आहे.

सगळ्यांत जास्त भांडण होते ते मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरू लागते, त्या आजाराचे. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. त्याची कारणे अनेक: आधीची मोडतोड किंवा सांधा निखळणे, स्टेरॉइडचे उपचार, दारू, सिकलसेलसारखे रक्ताचे आजार. मोडतोडीनंतर तो लगेच दिसत नाही, कधी वर्ष-दोन वर्षांनी डोके वर काढतो. तोवर माणूस युनिट बदललेला किंवा घरी आलेला असतो. म्हणून मंडळ ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिते तेव्हा मागे जाऊन जखम शोधावी लागते. जखम नसेल तर औषधे शोधा. दम्यासाठी, त्वचारोगासाठी किंवा कोविडमध्ये सैनिकी रुग्णालयातच स्टेरॉइड दिले होते का? किती दिवस, किती मात्रेत? त्या उपचाराची केस शीट हा खुब्याचाच पुरावा आहे, जरी तिच्यात खुब्याचा उल्लेख नसला तरी. दारूचे काय, हे मंडळ विचारणारच. कॅन्टीनची बाटली सगळेच घेतात म्हणून आपल्या जबाबात काहीबाही लिहू नये आणि खोटेही लिहू नये. रुग्णालयाच्या जुन्या कागदात डॉक्टरने ‘अधूनमधून’ लिहिले आहे की आणखी काही, ते आधी वाचून मगच जबाब द्या.

संधिवाताच्या प्रकारांत, विशेषतः तरुण वयात कंबर आणि खुबे आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, मंडळ म्हणते की हा जन्मजात प्रवृत्तीचा आजार आहे. प्रवृत्ती असेल, तरी बळावण्याचा मुद्दा राहतोच. दुखणे सुरू झाल्यावरही उंचावरच्या थंडीत ठेवले, ८१ मिमी मॉर्टारची बेसप्लेट पाठीवर होती, तज्ज्ञाकडे पाठवायला उशीर झाला: यातले जे घडले त्याची पोस्टिंग ऑर्डर किंवा नोंद मिळवा. आणि ‘लहानपणापासूनच खुब्यात दोष होता’ असे कुणी लिहिले, तर शाळेतले खो-खोचे किंवा धावण्याचे प्रमाणपत्र बाहेर काढा. आईने जपलेला असला कागद कधीकधी सरकारी कागदाइतकाच उपयोगी पडतो.

निवृत्तीनंतर दुखणे उमटले असेल, तरी दार बंद नाही. २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत दिसलेला आजारही मान्य होऊ शकतो, मात्र त्याची प्रक्रिया नोकरीतल्या परिस्थितीने सुरू झाली होती असे सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत हवे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. आपल्याला कोणते लागू, हे निवृत्तीच्या तारखेवरून पाहून मगच वकिलाशी बोला. गावातल्या पारावर दोन्ही नियमांची खिचडी करून सल्ला मिळतो.

साथीदारांचे जबाब घ्यावेत का? जरूर, पण डोळ्यांनी पाहिले तेवढ्याचेच. ‘हा अमुक तारखेला रोपवरून पडला, मी आणि आणखी दोघांनी त्याला एमआय रूमला नेले, पुढचे तीन आठवडे तो काठी घेऊन चालत होता’ हे उत्तम प्रतिज्ञापत्र. ‘त्या पडण्यामुळेच त्याचा खुबा गेला’ हे वाक्य साथीदाराचे नाही, डॉक्टरचे आहे. ते घातले की सगळ्या जबाबाला शिकवल्याचा वास येतो. साथीदाराचा सेवा क्रमांक, हुद्दा आणि त्या काळात तोही त्याच युनिटमध्ये होता हे दाखवणारे डिस्चार्ज बुकाचे पान सोबत लावा. चार साथीदारांचे शब्दशः एकसारखे जबाब आणू नका.

आता आजचा डॉक्टर. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दाव्यांत ‘नेक्सस लेटर’ नावाची चिठ्ठी फार महत्त्वाची असते. तिच्यात तज्ज्ञ लिहितो, की हे दुखणे सेवेतल्या त्या घटनेमुळे झाले असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे. आपल्याकडे असा ठरलेला नमुना नाही, पण तसे मत उपयोगी पडते. लखनौला कमांड हॉस्पिटल आहे, पुण्यातही आहे, आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून ऑर्थोपेडिक तज्ज्ञाकडे पाठवता येते. त्यांच्यासमोर जाताना जुने कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या आणि विनंती करा, की ‘मी हे कागद पाहिले’ असे लिहून द्यावे. ‘रुग्ण सांगतो की’ अशी सुरुवात असलेल्या चिठ्ठीला वजन नसते. खुबा किती वाकतो, किती बाहेर जातो, किती फिरतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, मांडीचा घेर दुसऱ्या मांडीपेक्षा किती कमी, एवढी मापे त्यात हवीत. जिल्हा रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र वेगळ्या कायद्याखालचे असते. त्यातले टक्के सैन्याच्या मंडळाला बांधील नाहीत. ते असावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आधी वाचा. शस्त्रक्रियेत हाडाचे मूळ डोके काढून टाकतात, आणि त्याबरोबर पुरावाही जातो. शस्त्रक्रियेपूर्वीचे एक्स-रे आणि एमआरआय फिल्मवर तसेच सीडीवर घ्या, कारण उन्हाळ्यात ट्रंकेत फिल्म काळवंडते आणि पावसाळ्यात एकमेकींना चिकटते. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, इम्प्लांटचे स्टिकर, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला असल्यास त्याचा अहवाल, तिन्ही मागून घ्या.

मंडळासमोर जाल तेव्हा जास्त लंगडू नका. मांडीचा घेर खोटे बोलत नाही, आणि डॉक्टर टेप लावतातच. चांगल्या दिवशी काय जमते आणि वाईट दिवशी काय नाही, दोन्ही सांगा. उकिडवे बसता येते का, मांडी घालता येते का, शौचालय बदलावे लागले का, मोजे कोण घालून देते. बागेत काम करता का विचारले तर करतो म्हणा, आणि आता काय करता येत नाही तेही सांगा.

टक्क्यांचे गणित थोडक्यात. नेहमीप्रमाणे निवृत्त झालेल्याला सेवेशी संबंधित अपंगत्व किमान २० टक्के असावे लागते. बोर्ड आऊट केलेल्याचे ते २० पेक्षा जास्तच धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंह यांच्या खटल्यात म्हटले. ५० च्या आतले टक्के ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५ आणि त्यावरचे १००, हा नियम ३१ जानेवारी २००१ च्या आदेशातला आहे. त्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावा, असे १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात ठरले. तेव्हा १९ आणि २० मधला फरक एका टक्क्याचा नाही. २० झाले की ५० चा दर, १९ राहिले की काही नाही.

मागणी नाकारली तर पहिले अपील सहा महिन्यांत, ते फेटाळले तर दुसरे पुन्हा सहा महिन्यांत. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या पीठाकडे जाऊ शकतो: मलिहाबादचा लखनौला, महाराष्ट्र-गोव्यातला मुंबईला. फाइल बेळगावला आहे म्हणून बेळगावच्या फेऱ्या मारायची गरज नाही. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये सुरू केलेली वीर परिवार सहायता योजना सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत देण्यासाठीच आहे. मिळणाऱ्या थकबाकीतून टक्केवारी मागणाऱ्या दलालाला कागदांचे मूळ कधीही देऊ नका, छायाप्रतच द्या.

उशीर झाला तरी हक्क बुडत नाही, कारण पेन्शन दर महिन्याला थकते. पण २००८ च्या तरसेम सिंह निकालाने अशा प्रकरणात थकबाकी अर्जाच्या मागच्या तीन वर्षांपुरतीच दिली. त्यांना १९८३ मध्ये घरी पाठवले होते आणि ते न्यायालयात गेले १९९९ मध्ये. मधली तेरा वर्षे गेली ती गेलीच.

नाकारल्याचे पत्र आले की ते ज्या पाकिटातून आले ते पाकीटही जपून ठेवा. पत्र हाती कधी पडले, हे त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येते, आणि अपिलाचे सहा महिने मोजताना तोच शिक्का कामाला येतो.